बटाट्याच्या मिशा आणि पुण्याची गाडी

रविवारी दुपारची जेवणं उरकली की घराला एक जडपणा येतो. आई आत आडवी झालेली, बायको माहेरी, नाशकातल्या आमच्या इंदिरानगरच्या रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी, आणि माझ्यापुढे लॅपटॉपवर हळूहळू सरकणारी एक पट्टी. 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स', 41 टक्के. शेजारी बटण: स्किप.

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकतात त्या मोकळ्या प्रणालीवर, गेम खेळणाऱ्यांना ही पट्टी चांगली माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून काही उपयोग नाही. (गेममधली चित्रं कशी काढायची ते मशीन आधीच घोकून ठेवतं, एवढंच.) तर हे स्किप मी दाबत नाही. दाबलं तर आकाश कोसळत नाही, फार तर गेम सुरुवातीला चार ठिकाणी अडखळतो. पण मशीन मन लावून काहीतरी करत बसलंय आणि आपण मध्येच 'राहू दे गं बाई' म्हणायचं, हे मला होत नाही. चहा गाळताना गाळणीतली पत्ती चमच्यानं दाबून शेवटचे थेंब काढणारी माणसं असतात ना, त्यांच्याशीही माझं फारसं पटत नाही. गळू द्या की. कुठं गाडी सुटतेय?

आता यातली लबाडीही सांगून टाकतो. पट्टी शंभरावर पोचेपर्यंत माझी खेळायची इच्छा बहुतेक वेळा निघून गेलेली असते. मी खिडकी बंद करतो आणि समाधानानं लवंडतो.

लॅपटॉप जुना आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट्स अधिकृतपणे थांबले आणि आमच्या सोसायटीतली बरीच धडधाकट मशीनं एका रात्रीत म्हातारी ठरली. विंडोज 11 ला याचा प्रोसेसर पसंत पडेना. मग मी लिनक्स मिंट टाकलं. पेनड्राइव्ह लावून बसलो होतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका आले होते. त्यांचा मुलगा यंदा बारावीला. म्हणाले, "म्हणजे आता यात गेम चालणार नाहीत ना? मग आमच्या मशीनवर पण हेच टाकून द्या."

हे वाक्य मी याआधी ऐकलेलं होतं. रविवार कारंजाजवळ, एका जिन्यावर.

साल 2003 च्या आसपासचं. खाली फरसाणाचं दुकान, वर आमचा कॉम्प्युटर क्लास. जिना चढताना तळणीचा वास शर्टात शिरायचा आणि घरी गेल्यावर आई विचारायची, क्लासला गेला होतास की शेव खायला? क्लासमध्ये चपला बाहेर काढायच्या, का ते कुणालाच माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवर कापडी झाकणं असायची, ती घडी घालून ठेवायची. हे सगळं सोवळं पार पडलं की पोरं खिशातून फ्लॉपी काढायची. फ्लॉपीत डेंजरस डेव्ह. ज्याचा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला, त्याच्याकडे प्रिन्स ऑफ पर्शिया. सर फळ्याकडे वळले की मागच्या रांगेत डेव्ह उडी मारायचा.

सर कंटाळले. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही परत गेलो तर सगळ्या मशीनवर लाल टोपीवाला रेड हॅट लिनक्स. सरांनी दारातच सांगितलं, "आता आणा फ्लॉप्या. इथे काही चालायचं नाही." आणि खरंच चालेना. फ्लॉपी माउंट करायलाच, म्हणजे मशीनला जोडून उघडायलाच, आधी शिकावं लागलं, आणि ती माउंट झाल्यावर डेव्ह नुसता फाइल होऊन पडलेला. त्याच्यावर कितीही क्लिक करा, ढिम्म हलत नव्हता. सर त्या आठवड्यात खुशीत होते.

पण त्यांनी मेनू पुरता उघडून पाहिला नसावा. एका दुपारी कुणाचा तरी माउस 'गेम्स'वर थांबला आणि बाजूला ही लांबलचक यादी उलगडली. पत्ते, माइन्स, उल्का फोडायचा एक खेळ. आणि एक बटाटा. खरोखरचा बटाटा, म्हणजे चित्रातला. एका बाजूला डोळे, नाकं, टोप्या, मिशा, चष्मे पसरलेले. उचलायचे आणि बटाट्यावर नेऊन लावायचे. बस. यात जिंकणं नाही, हरणं नाही, पॉइंट नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी केलेला खेळ, आणि आम्ही अकरावी-बारावीचे घोडे त्याच्यावर तुटून पडलो.

सरांना जाड मिशा होत्या, चष्मा होता आणि घड्याळ ते उजव्या हाताला बांधायचे. बटाट्याच्या सामानात हे तिन्ही होतं. याहून जास्त सांगायची गरज नाही. पण त्या खेळात 'प्रिंट' नावाची सोय आहे हे ज्यानं शोधून काढलं, तो आज पुण्यात मोठ्या पगारावर आहे आणि मला त्यात नवल वाटत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रर्र करत सुरू झाला. त्या क्लासमध्ये प्रिंटरचा आवाज म्हणजे कागदाचे पैसे, त्यामुळे सर आतल्या खोलीतून धावतच आले. कागद ओळीओळीनं वर येत होता: आधी टोपी, मग चष्मा, मग मिशा. आम्ही की-बोर्डात डोकं घालून बसलो. सरांनी कागद फाडला, ट्यूबलाइटखाली धरला, बराच वेळ पाहिला.

"चष्मा जरा खाली घे," ते म्हणाले. "मी इतका वर लावत नाही. आणि कागदाचा रुपया ठेव."

गेम त्यांनी काढले नाहीत. काढायला रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य कारभाऱ्याचा, पासवर्ड लागतो आणि तो फक्त त्यांच्याकडे होता. म्हणजे ठेवले ते ठरवूनच ठेवले, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. पुढे एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनीच टक्स रेसर टाकून दिला. त्यात पेंग्विन बर्फाच्या उतारावरून पोटावर घसरत मासे गोळा करत येतो. आमच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळे तो घसरत यायचाच नाही. एका जागी दिसायचा, मग जरा वेळानं दुसऱ्या जागी. तरी पाळी लावून खेळायचो.

तर लिनक्सवर गेम चालत नाहीत हे मी कधीच मनापासून मानलं नाही. डूम हा गेम तर 1994 मध्येच लिनक्सवर आला होता. 1998 मध्ये लोकी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीनं विंडोजवरचे गेम लिनक्सवर आणून विकायचा धंदा सुरू केला. 2002 उजाडलं आणि दुकान बंद. घेणार कोण? इथं सगळ्यांना फुकटची सवय, मीही त्यातलाच. दुसरीकडे 1993 पासून 'वाइन' नावाच्या प्रोग्रॅमवाले विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या खटपटीला लागलेले होते, त्यांनी 1.0 आवृत्ती काढली ती जून 2008 मध्ये. पंधरा वर्षं 'अजून पक्कं नाही' म्हणत राहायला काय चिकाटी लागत असेल! (नाशिकमध्ये राहून वाइन इन्स्टॉल केल्यावर जो विनोद व्हायचा तो आमच्या घरात होऊन गेलेला आहे. इथे पुन्हा करत नाही.)

मला या सगळ्यात फिलिप रेबोले या माणसाची गोष्ट आवडते. त्याला लिनक्सवर एकच गेम खेळायचा होता, नीअर ऑटोमाटा. तो काही धड चालेना. म्हणून त्यानं विंडोजच्या डायरेक्टएक्सची ग्राफिक्सची भाषा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत फिरवून देणारा डीएक्सव्हीके नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. गेमवाल्या वाल्व्ह कंपनीनं त्याला हाताशी धरलं, ऑगस्ट 2018 मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आलं, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच्याच जिवावर स्टीम डेक नावाचं हातात धरायचं मशीन. आज ते घेऊन सोफ्यावर लोळणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसेल. आणि तो रेबोले शेवटी गेम पुरा खेळला की नाही? मला वाटतं, प्रोग्रॅम सुधारतच बसला असेल.

माझं तेच होतं. कुठला गेम कसा चालतो ते लोक प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर लिहून ठेवतात: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि अगदीच बोंब असेल तर 'बोर्क्ड'. रात्री मी ते वाचत पडतो. जे गेम मी विकत घेतलेले नाहीत, घेणारही नाही, त्यांचेही. कुठल्या तरी देशातला कुणीतरी लिहितो, सुरुवातीचा व्हिडिओ काळा दिसतो, पण एंटर दाबा, पुढे सगळं ठीक आहे. खाली त्याचा कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा), त्याचं कार्ड, त्याचा ड्रायव्हर. त्याच्या खाली दुसऱ्याचं, मला तर व्हिडिओ नीट दिसला. इतक्या निःस्वार्थपणे माणसं एकमेकांना दुसरं काय सांगतात? फार तर मिसळीचे पत्ते.

भाचा सिडकोतून आला की त्याला यातलं काही पटत नाही. "मामा, माझा गेम चालतो का ते सांग." त्याचा गेम म्हणजे त्याचे सगळे मित्र खेळतात तो. त्यात लबाडी पकडणारा एक पहारेकरी थेट विंडोजच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो, आणि लिनक्सच्या दारात तो पाऊल टाकत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नाही चालत." त्याचं बरोबर आहे. दहा वर्षांच्या पोराला कर्नल काय करायचाय? मग मी त्याला बटाटा उघडून दिला. हो, अजून आहे तो, आणि सामान पुष्कळ वाढलंय. पाच मिनिटांत मला मिशा लागल्या.

मी स्वतः खेळतो तो गेम एकच, आणि त्याला शेडर-बिडर काही लागत नाही: ओपनटीटीडी. ख्रिस सॉयरचा 1994 सालचा ट्रान्सपोर्ट टायकून पुढे 2004 मध्ये काही उद्योगी मंडळींनी नव्यानं लिहून मोकळा करून टाकला, तो. रूळ टाकायचे, स्थानकं बांधायची, गाड्या सोडायच्या. नाशिककराला रेल्वेचा खेळ का आवडावा, हे नाशिककराला सांगायला नको. गाव इकडे आणि स्टेशन तिकडे नाशिकरोडला. इंग्रजी अमलात गावातून स्टेशनावर जायला घोड्यांची ट्राम होती म्हणतात. आता रिक्षावाल्याशी घासाघीस आहे. आणि पुण्याला जायचं तर रेल्वेनं मनमाडचा नाहीतर कल्याणचा वळसा. थेट मार्गाच्या बातम्या वाचत आमची एक पिढी पिकली. सुमारे 235 किलोमीटरचा आराखडा झाला, तर तो नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी अडला. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तिथं आकाशाकडे कान लावून बसल्यात, त्यांना विजेच्या गाडीची खरखर चालत नाही. मग शिर्डीवरून वळवायचं निघालं.

मी वाट न पाहता काम हाती घेतलं. नकाशा स्वतः केला. नाशिकरोड, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण, पुणे. खेळ 1950 मध्ये सुरू होतो, म्हणजे दुर्बिणीची अडचणच नाही. कोळशाचं इंजिन, दोन डबे. चंदनापुरी घाटात चढ इतका लागला की बोगदा खणण्यात निम्मं कर्ज गेलं. संगमनेरात रुळासाठी झाडं तोडली, तर तिथली पालिका रुसली. स्थानकाला परवानगी देईना. यावर खेळात उपाय आहे. गावाबाहेर माळावर झाडं लावत सुटायचं. कशीही लावा, ओळीत लावा, पालिकेचं मत सुधारतं. लाच द्यायचंही बटण आहे, पण पकडलं गेलं तर होतं-नव्हतं तेवढं नाव जातं. मी झाडं लावली. अख्खा डोंगर हिरवा केला. परवानगी आली.

मग पहिली गाडी सिन्नरला पोचली आणि पडद्यावर जुन्या छापाच्या वर्तमानपत्राचं पान वर आलं: नागरिकांचा जल्लोष, पहिल्या गाडीचं आगमन! मी एकटाच टाळ्या वाजवणार होतो तेवढ्यात मागे आई उभी.

"कुठली रे ही?"

"नाशिक-पुणे."

आई स्टूल ओढून बसली. तिला आजवर माझा कुठलाही गेम दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहावासा वाटलेला नाही. गाडी सिन्नर सोडून खाली निघाली, मध्येच बंद पडली, धूर सोडला, पुन्हा निघाली.

"संगमनेरला थांबते?"

तिचं माहेर संगमनेरचं. मी म्हटलं, थांबते की.

"किती वेळ?"

"डबे भरेपर्यंत थांब, असा हुकूम दिलाय तिला."

"मग ती तिथून हलायची नाही," आई म्हणाली. "एवढी माणसं आता राहिलीत कुठं तिथं? सगळे पुण्याला नाहीतर तुमच्या नाशकाला." थोडा वेळ ती गाडीकडे पाहत राहिली. "मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आपण गेलोच नाही. फोनवर म्हणतो, ये. एसटीनं जाऊन येऊ या का रे?"

"जाऊ की," मी म्हटलं.

"जाऊ की, जाऊ की. कधी ते सांग."