तुम्ही विचारलंत म्हणून: रेषा सरळ झाली, मग शॉक का दिला नाही?

नागपूरच्या धंतोलीतल्या आयसीयूंमध्ये नर्स म्हणून माझी २१ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच. लग्नात जेवताना विचारतात, ओळखीतलं कुणी गेलं की फोनवर विचारतात, आयसीयूच्या दारात तर विचारतातच: "सिस्टर, मशीनवर लाइन सरळ झाली होती ना? मग शॉक काहून नाही दिला?" पुढचं वाक्य बोलत नाहीत, पण ते मला ऐकू येतं. दिला असता तर वाचला असता.

सरळ रेषेला शॉक देत नाहीत. आम्ही कंटाळलो म्हणून नाही, बिल भरलं नाही म्हणून नाही, माणूस म्हातारा होता म्हणूनही नाही. त्या रेषेवर शॉकचा उपयोगच होत नाही.

केस पेपरवर आम्ही तिला असिस्टोल लिहितो. सिस्टोल म्हणजे हृदयाचं आकुंचन, शब्द मूळचा ग्रीक. त्याच्या आधीचा 'अ' आपल्या 'अचल'मधल्या 'अ'सारखाच, नकाराचा. हृदयात वीजच उठत नाही, म्हणून ते आवळलं जात नाही, म्हणून रक्त पुढे जात नाही. लोक याला सरसकट हार्ट अटॅक म्हणतात, ते चूक आहे. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, आणि असा माणूस कित्येकदा स्वतःच्या पायांनी चालत कॅज्युअल्टीत येतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये रक्त पंप होणंच थांबतं. त्या वेळी मॉनिटरवर चारपैकी एक चित्र दिसतं. दोन चित्रांत शॉक लागू पडतो, दोनांत नाही. असिस्टोल या दुसऱ्या जोडीतलं.

मी हल्ली शाळेचा वर्ग सांगते. सगळी मुलं एकदम ओरडताहेत, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. हृदयाची अशी अवस्था म्हणजे व्हीएफ (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन), शॉक लागू पडतो त्या दोन चित्रांतलं एक. बाई टेबलावर जोरात छडी आपटतात. क्षणभर सगळे गप्प होतात आणि त्या शांततेत वर्गाचा मॉनिटर झालेला मुलगा पुन्हा कविता सुरू करतो. शॉक म्हणजे ती छडी. तो हृदय चालू करत नाही, क्षणभर गप्प करतो. असिस्टोलमध्ये वर्ग आधीच रिकामा असतो.

आणि आम्ही काही करत नाही, असं कुणी म्हटलं की माझा अजूनही तोल जातो. आधी लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, सुटली का ते बघतो, रेषा मोठी दिसावी म्हणून गेन वाढवतो, दुसऱ्या लीडमध्ये रेषा तपासतो, कारण बारीक व्हीएफ कधी कधी सरळ रेषेसारखं दिसतं. तोवर छातीवरचे हात थांबत नाहीत: मिनिटाला १०० ते १२० दाब, दर वेळी ५ ते ६ सेंटीमीटर खोल. दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन. दर दोन मिनिटांनी मॉनिटर बघायचा, दाबणारा माणूस बदलायचा. आणि सगळा वेळ एकच शोध: हे थांबलं कशामुळे? ऑक्सिजन, रक्तस्राव, पोटॅशियम, विष, फुप्फुसातली गुठळी. कारण हाती लागलं तर रेषेवरून माणूस परत येतो. थोडेच येतात, पण येतात. म्हणून असिस्टोल म्हणजे मृत्यू नव्हे. मृत्यू नंतर, प्रयत्न संपल्यावर डॉक्टर जाहीर करतात.

हे सगळं मला त्या रात्रीही येत होतं.

२०१३ चा मे. रात्री दोनलाही कॉरिडॉरमधला कूलर गरम वारा फेकत होता. साठीचे काका, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. भरती मी करून घेतली, हिस्ट्री मी लिहिली. मागचं डायलिसिस हुकलेलं. रक्तातलं पोटॅशियम ८.२ आलं, फार चढलेलं. मॉनिटरवरचे ठोके रुंद होत गेले, मंदावले, मग रेषा. कॅल्शियम, ॲड्रेनालिन, दाब, सगळं झालं. पडदा अर्धाच ओढलेला होता. मुलगा दारातून बघत होता. शॉकचं मशीन पलंगाशेजारीच उभं होतं, सुरू होतं, आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. "शॉक द्या ना! अहो, काहून नाही देऊन राहिले?" मी त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं.

चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी सांगितलं. ते आत गेल्यावर त्यानं माझा हात धरला. "दिला ना शॉक?"

"हो भाऊ, दिला," मी म्हणाले. "दोनदा."

'हो' कुठून आलं ते मला कळतं. 'दोनदा' कुठून आलं ते आजही कळत नाही.

तेरवी झाल्यावर तो फाइलची झेरॉक्स घेऊन आला. चुलतभाऊ फार्मासिस्ट, त्यानं वाचून दाखवली होती. असिस्टोल, नॉन-शॉकेबल, शॉक दिला नाही. "सिस्टर, तुम्ही दोनदा म्हणाल्या होत्या." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

जिन्यात उभं राहून मी त्याला हे सगळं समजावलं, पहिल्यांदाच. त्यानं नीट ऐकलं. मग मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर बोट ठेवलं. त्या फॉर्मवर सूचनाच छापलेली असते की मरणाची रीत नको, आजार लिहा. म्हणून तिथे 'हृदय बंद पडलं' एवढंच नव्हतं. किडनी होती, पोटॅशियम होतं. "पोटॅशियम डायलिसिसनं उतरते ना? शनिवारचं डायलिसिस मीच सोमवारवर ढकललं होतं. काटोलला लग्न होतं."

शॉकचा प्रश्न शॉकचा नव्हताच. आणि मला ते त्या रात्रीपासून माहीत होतं, हिस्ट्री माझ्याच अक्षरात होती.

तेव्हाची मी म्हणते, म्हणूनच तर खोटं बोलले. रात्री तीन वाजता त्याला पोटॅशियमपर्यंत कशाला न्यायचं? आजची मी तिला विचारते, त्याच्यासाठी बोललीस की दारातून सुटण्यासाठी? आत बॉडी आवरायची होती, दोन पेशंट बाकी होते, तुला ते बोलणं संपवायचं होतं. ती म्हणते, तेही होतं. पण तेवढंच नव्हतं. पुढे मी तिच्याशी भांडू शकत नाही. खोट्याचे तेरा दिवस त्याला कसे गेले, ते फक्त त्याला माहीत. कदाचित तेवढे दिवस त्याला झोप लागली असेल. कदाचित त्या खोट्यामुळेच खरं जास्त लागलं असेल.

जिन्यात मी त्याला म्हणाले, "एका डायलिसिसवरून असं सांगता येत नाही, भाऊ." हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. तो काही बोलला नाही. झेरॉक्सची पानं सारखी करून पिशवीत ठेवली आणि खाली गेला.

त्यानंतर मी 'दिला' असं एकदाही म्हटलेलं नाही. खुर्ची ओढते, नातेवाइकांना बसवते, वर्गाचं सांगते, सरळ रेषा सांगते. तरी एखादा माणूस दारातच हात धरतो, "दिला ना?" म्हणतो, आणि 'हो' माझ्या जिभेवर येऊन थांबतं.