फॉरमॅट न मारता: आमची वाटचाल

घरगुती कॉम्प्युटरमधले व्हायरस काढण्याच्या आमच्या धंद्याला पहिली गर्दी मिळवून दिली कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने. २००८ च्या शेवटी तो पसरला आणि घरगुती विंडोज एक्सपी मशिन्सची रांग लागली. पेन ड्राइव्हमधून शिरायचा आणि अँटिव्हायरसची साइटच उघडू द्यायचा नाही. तेव्हापासून मी आणि माझा भागीदार एक शिस्त पाळत आलो आहोत: आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मग मशीनची स्वतःची विंडोज न चालवता बाहेरच्या रेस्क्यू डिस्कवरून बूट करून स्कॅन, मग ऑटोरन्स (विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) उघडून एकेक नोंद हाताने तपासायची. ऑटोरन्सवर माझा जीव आहे. रन की, सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क, विनलॉगऑन, आपोआप सुरू होण्याच्या अशा सगळ्या जागा एका खिडकीत. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि उरलेल्यांत कंपनीची डिजिटल सही नसलेलं, ॲपडेटा या आतल्या फोल्डरमधून चालणारं काही दिसतंय का बघा. चोर बहुधा तिथेच सापडतो. स्कॅनर ‘क्लीन’ म्हणाला तरी होस्ट्स फाइल, प्रॉक्सी, डीएनएस (ब्राउझरला भलत्याच साइटवर वळवू शकणाऱ्या सेटिंग) आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स पाहिल्याशिवाय आमच्याकडून मशीन बाहेर पडत नाही.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन पेन ड्राइव्हचं ऑटोरन, म्हणजे जोडताच त्यातलं काही आपोआप चालणं, बंद केलं. पुढची वर्षं टूलबार आणि जाहिरातींचा कचरा काढण्यात गेली.

२०१९ ने मात्र आम्हाला जवळजवळ बुडवलं. ‘स्टॉप/डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर, घराघरांत शिरलं, तेही बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. फोटो, कागदपत्रं, सगळ्या फाइल्सच्या नावांना नवं शेपूट चिकटलेलं आणि सोबत खंडणीची चिठ्ठी. मालवेअर काढणं सोपं होतं, फाइल्स उघडणं नाही. आम्ही प्रत्येकाला तेच सांगितलं: खंडणी देऊ नका, कुलूपबंद फाइल्स आणि ती चिठ्ठी पुसू नका, डिस्क बाजूला ठेवा, तोड निघू शकते. लोकांना हे पटेना. त्याच सुमारास आमच्याच कामाची पाटी लावून एक जण बसला होता. तासाभरात डिस्क पुसून फॉरमॅट मारायचा, वर क्रॅक केलेली विंडोज चढवायचा आणि ती विंडोज फुकट चालू करणारा ॲक्टिव्हेटर अडू नये म्हणून अँटिव्हायरस बंद करून द्यायचा. म्हणजे ज्या दाराने चोर आला तेच उघडं ठेवून मशीन परत. वर सांगत फिरायचा की आम्हाला जमत नाही म्हणून आम्ही थांबायला सांगतो. गिऱ्हाईक तुटत गेलं. भागीदाराने त्या काळात स्वतःचा हिस्सा उचलला नाही, हे मी कधी विसरणार नाही.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सरच म्हणतो. त्यांची डिस्क त्या वर्षाच्या सुरुवातीलाच कुलूपबंद झाली होती. घरचे फॉरमॅटच्या मागे लागले होते, पण सर म्हणाले, ‘तुम्ही थांबा म्हणालात ना, मग मी थांबतो.’ ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने मोफत डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम, काढला. या रॅन्समवेअरच्या जुन्या प्रकारांसाठी त्याला एकाच फाइलची जोडी लागायची, एक कुलूपबंद आणि एक मूळ, दोन्ही १५० केबीपेक्षा मोठ्या, आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी वेगळी जोडी. मूळ आणायची कुठून? सरांनी मुलीला मेलवर फोटो पाठवले होते. तिच्या मेलमधून ते उतरवले, जोड्या जुळवल्या, आणि त्याच कॅमेऱ्याचे बाकीचे फोटो भराभर उघडत गेले. भागीदार आणि मी स्क्रीनसमोरून हललो नाही.

मग ‘आमच्याही उघडा’ म्हणत इतर घरं आली. त्यांच्या डिस्क फॉरमॅट होऊन त्यांवर नवी विंडोज लिहिली गेली होती. उघडायला कुलूपबंद फाइलच उरली नव्हती. त्यांना ‘नाही’ सांगताना जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

एक सांगून ठेवतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. आणि हल्लीची मालवेअर ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगइन आहात याच्या खुणा) चोरून नेतात, त्यामुळे मशीन साफ झालं म्हणजे संपलं नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, सुरुवात मेलपासून करा आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळीकडून लॉग आउट’ करा, कारण चोरलेली कुकी पासवर्डशिवायही आत शिरू देते. मशीन परत देताना आम्ही हे कागदावर लिहून सोबत देतो.