स्थानक-दर्शक पान, नोंद तिसरी: ठिपका छान पळत होता, फक्त खोटा

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आता माझ्या नकाशावर लाइव्ह पळतंय. पळत कुठलं, उड्या मारत होतं. दर पाच सेकंदांनी एका एपीआयला (विचारलं की माहिती देणाऱ्या इंटरनेटवरच्या सेवेला) स्थान विचारायचं आणि मिळालेल्या अक्षांश-रेखांशावर ठिपका ठेवायचा, एवढंच ते पान करायचं. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त जातं, त्यामुळे प्रत्येक उडी ३५-४० किलोमीटरची. दर सेकंदाला विचारावं, तर पान उघडणारा प्रत्येक जण त्या फुकटच्या सेवेला तासाला ३६०० हाका मारणार. लाज वाटली.

म्हणून स्थान विचारणंच बंद केलं. आता माझा सर्व्हर (कपाटावरचा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, वर धूळ) सेलेस्ट्रॅक या उपग्रहांच्या कक्षांची माहिती देणाऱ्या साइटवरून स्थानकाचा टीएलई, म्हणजे ठरावीक साच्यात लिहिलेले कक्षेचे आकडे, आणतो. दोन ओळी, प्रत्येकी ६९ अक्षरं. त्यात स्थानकाचा क्रमांक २५५४४, विषुववृत्ताशी कक्षेचा कल ५१.६ अंश, दिवसाला साधारण साडेपंधरा फेऱ्या, असं सगळं ठासून भरलेलं असतं. यावरून कुठल्याही क्षणाचं स्थान काढायचं गणित म्हणजे एसजीपी४. ते १९८० च्या एका अहवालात फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रामसकट छापलेलं आहे, आणि आज सॅटेलाइट.जेएस ही तयार कोडची लायब्ररी तेच ब्राउझरमध्ये करते. ठिपका लोण्यासारखा सरकायला लागला.

मग गच्चीवरून दिसणाऱ्या पासची, म्हणजे स्थानक आपल्या आकाशातून जाईल त्या वेळांची, यादी करायला घेतली आणि पहिला दणका बसला. क्षितिजापासून १० अंशांच्या वरचे पास दाखव म्हटलं, तर यादी रिकामी. आठवडाभराची रिकामी! अट काढून टाकली तेव्हा पास आले, पण एकाचीही उंची सात-आठ अंशांच्या वर जाईना. दोन रात्री यात गेल्या. शेवटी निरीक्षकाचं स्थान छापून बघितलं: नाशिकचे २०.० आणि ७३.८ मी अंशांत दिले होते, लायब्ररीला हवे होते रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक (एक रेडियन साधारण ५७ अंशांचा). २० रेडियनमधून तीन पूर्ण फेऱ्या वजा केल्या की उरतात ६५.९ अंश उत्तर. रेखांशाचंही तसंच, ९१.६ पश्चिम. म्हणजे माझी गच्ची हडसन उपसागराच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या बर्फात होती. स्थानक ५१.६ अक्षांशाच्या पलीकडे जातच नाही, तेव्हा तिथून ते क्षितिजाला घासूनच दिसणार. गणित बिचारं अगदी बरोबर होतं.

ते दुरुस्त केलं आणि ऐटीत शेजारच्या काकांना गच्चीवर बोलावलं. पानावर वेळ ७:०४, नैऋत्येकडून. ७:०४ झाले, काही नाही. मोबाइलवर ठिपका दिमाखात डोक्याकडे चाललेला, वर आकाशात नुसतं एक विमान.

"गाडी लेट आहे वाटतं," काका म्हणाले.

चांगल्या चाळीस सेकंदांनी ते उगवलं. दिसलं सुंदरच, पण माझं लक्ष उडालेलं. चाळीस सेकंद म्हणजे ३०० किलोमीटर!

खाली येऊन टीएलईची पहिली ओळ उघडली. तिच्यात ही माहिती कधीची ते लिहिलेलं असतं: आधी वर्षाचे दोन आकडे, मग वर्षातला कितवा दिवस, दशांशासकट. ०४५.५ असेल तर ४५ वा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, दुपारी बारा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आपले संध्याकाळचे साडेपाच. माझ्याकडची ओळ ११ दिवसांपूर्वीची निघाली. एवढ्या खाली, साधारण ४०० किलोमीटरवर, विरळ हवेचं घर्षण कक्षा सतत खाली ओढतं आणि अधूनमधून इंजिनं चालवून ती वर उचलतात. कक्षा उचलली की एका फेरीला वेळ जास्त लागतो, आणि जुन्या आकड्यांच्या हिशेबात स्थानक उशिरा येतं.

पण ११ दिवस शिळं का? सेलेस्ट्रॅक म्हणतं, दोन तासांतून एकदाच घ्या. मी कॅशला (आणलेली प्रत जपून पुन्हा वापरायच्या साठ्याला) मर्यादा लिहिली ७२००. सेकंद समजून. जावास्क्रिप्टचं घड्याळ देतं मिलिसेकंद, त्यामुळे माझी दोन तासांची कॅश ७.२ सेकंदांत शिळी ठरायची. पान दर मिनिटाला सर्व्हरला विचारतं, सर्व्हर दर वेळी नव्याने आणायला धावतो. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर पान दिवसभर उघडं. दोन तासांत एकाऐवजी १२० विनंत्या. यथावकाश ४०३ आला, म्हणजे सेलेस्ट्रॅकने दार बंद केलं, आणि तो यायलाच हवा होता. खरा गाढवपणा पुढचा: विनंती फसली तर जुनी प्रत गुपचूप देऊन टाक, असं कॅच ब्लॉकमध्ये (चूक झाली की चालणाऱ्या कोडमध्ये) मीच लिहून ठेवलं होतं. पहिल्या पानात एपीआय बंद पडला की ठिपका थिजायचा, निदान कळायचं तरी. आता गणित शिळ्या आकड्यांवरही तितकंच गुळगुळीत चालतं.

मर्यादा ७२०० गुणिले १००० केली, फसलेल्या विनंतीनंतर सहा तास गप्प बसायला सांगितलं, आणि ब्लॉक उठायची वाट बघितली. ठिपक्याखाली आता पट्टी आहे: "कक्षेची माहिती ५ तास जुनी". दोन दिवसांवर गेली की पिवळी, चारवर लाल. हे वय फाइल कधी उतरवली त्यावरून नाही, ओळीतल्या तारखेवरून काढलंय; ताजी उतरवलेली फाइलही आतून जुनी असू शकते.

परवा पुन्हा काका. पट्टी हिरवी, ७:३१ ला यायचं ते ७:३१ लाच आलं. डोक्यावरून गेलं, ईशान्येला निम्म्यावर उतरलं आणि विझलं. मोबाइलवर अजून ३० अंश उंचीवर पळतंय.

"बंद पडलं का रे?"

पृथ्वीच्या सावलीत शिरलं, काका. तो हिशेब पानात नाहीये अजून.