नवतप्याआधी: १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरीवर मे महिन्यातली रात्र

गाडी आधीचीच, ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, राहता-झोपता येणारी कॅम्पर. बॅटरीही तीच, १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट, म्हणजे १२८० वॅट-तास. छतावर २०० वॅटचे दोन पॅनेल, ३० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा सौर कंट्रोलर) आणि गाडी चालताना इंजिनकडून बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. हिवाळ्यात रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर हे सगळं निवांत पुरतं. खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. तेव्हा रात्री दहालाही पत्रा गरम असतो आणि कूलर लावल्याशिवाय डोळा लागत नाही. या टप्प्यातलं सगळं काम त्या रात्रीसाठी आहे.

आधी रात्रीचा हिशेब, संध्याकाळी सात ते सकाळी सात. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज रात्री निम्म्याहून थोडा जास्त वेळ चालतो, म्हणून सरासरी २५ वॅट, १२ तासांचे ३००. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कूलर मोटर आणि पंप मिळून ६० वॅट धरा, नऊ तासांचे ५४०. दिवे ४०, मोबाइल-कॅमेरा ६०, पाण्याचा पंप जेमतेम १०. बेरीज ९५०. बॅटरीचा ९० टक्के वापर धरला तर हाताशी ११५० आहेत. म्हणजे जमतं.

पण इन्व्हर्टर चालू राहिला तर काठावर येतं. काहीही न लावता तो स्वतःच १५ वॅटच्या आसपास खातो. बारा तासांचे १८०, बेरीज ११३०, आणि संध्याकाळी बॅटरी थोडी जरी कमी भरलेली असली तरी पहाटे साडेपाचला फ्रिजचा दिवा लुकलुकायला लागतो. बॅटरी कमी पडतेय असं समजून दुसरी बॅटरी विकत घेण्याआधी हे एकदा तपासा. आता इन्व्हर्टरचा रिमोट स्विच दरवाज्याशेजारी, दिव्यांच्या बटणांच्या रांगेतच बसवलाय. मिक्सर लावायचा तेव्हाच चालू, नाहीतर बंद. मोबाइल आणि लॅपटॉप थेट बारा व्होल्टच्या यूएसबी-सी सॉकेटवर. इंडक्शन शेगडीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: १००० वॅटला बॅटरीतून साधारण ९० अँपिअर खेचले जातात. अर्ध्या तासाच्या स्वयंपाकात रात्रीच्या कूलरइतकी वीज जाते. गॅसच बरा.

दिवसाचा हिशेब जास्त नाजूक आहे. दुपारी फ्रिज जवळजवळ थांबतच नाही, त्याचे ३८० आणि पंख्यांचे २४०. दिवसरात्र मिळून १५७०. समोर ४०० वॅटचे पॅनेल, साडेपाच तासांचं पूर्ण ऊन आणि उष्णता, धूळ, वायरिंग यांची तूट धरून ७० टक्के: १५४०. काटा जेमतेम बरोबरीत. मेच्या अखेरीस नागपुरात सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सपाट पॅनेलला तिरपं करायची गरज नाही. (डिसेंबरात तो दुपारीही ४५ अंशांवरच असतो, सपाट पॅनेलवर ७० टक्केच ऊन पडतं. तेव्हा दक्षिणेकडे उचललेलं पॅनेल खूप फरक पाडतं.) उन्हाळ्यात आड येते ती पॅनेलचीच उष्णता. पेशी ६५-७० अंशांवर जातात आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के शक्ती घटते, म्हणजे १५ टक्के गेलीच. छत आणि पॅनेल यांच्यात चार बोटं तरी हवा खेळू द्या. चिकटवायची लवचिक पॅनेल इथे मे महिन्यासाठी नकोतच.

उष्णतेने व्होल्टेजही उतरतं. ३६ पेशींचं पॅनेल तापल्यावर १७ व्होल्टच्या आसपास काम करतं, आणि बॅटरी भरत आली की तिला १४.२ हवे असतात. काही कंट्रोलर सुरू व्हायलाच बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त मागतात. म्हणून छतावरची दोन्ही पॅनेल आता सीरिजमध्ये, म्हणजे दोघांच्या व्होल्टेजची बेरीज होईल अशी जोडलेली. त्याचा तोटा असा, की एका पॅनेलवर मोहाच्या फांदीची सावली पडली तर दुसऱ्याचंही उत्पादन घसरू शकतं. जिथे सावलीत उभं राहणं ठरलेलंच आहे तिथे पॅरलल चांगलं.

सावली तर हवीच, माणसांना आणि बॅटरीलाही. त्यावर तोडगा म्हणून १०० वॅटचं सुटं पॅनेल आणि १० मीटर, ६ स्क्वेअर मिमीची वायर. गाडी झाडाखाली, पॅनेल उन्हात. मात्र ते छताच्या जोडणीत घुसवू नका: तिकडे ४० व्होल्ट, इकडे २०. त्याला स्वतंत्र १० अँपिअरचा कंट्रोलर दिला आहे, दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीवर सुखाने चालतात. त्याच हिशेबाने दिवसाला ३८५ वॅट-तासांची भर पडते.

आता बॅटरीची जागा. मागच्या चाकाच्या कमानीवरची बंद पेटी सोडून ती पलंगाखाली, गाडीच्या मध्यावर आणली. पश्चिमेच्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो, आणि बहुतेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षक सर्किट) पेशी ५५ अंशांच्या आसपास गेल्या की चार्जिंग तोडतो. नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या कागदावर पाहा. बाहेर लख्ख ऊन आणि कंट्रोलरवर शून्य अँपिअर दिसले, तर आधी तापमान बघा, मग पॅनेल. पेटीला पत्र्याकडच्या बाजूनेच २५ मिमीचा एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोम) लावला. चारही बाजू बंद केल्या तर बॅटरीची स्वतःची उष्णता आतच कोंडते. खाली दोन, वर दोन, ४० मिमीची भोकं आणि ४० अंशांवर सुरू होणारा २ वॅटचा पंखा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्मी ठेवा. भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

जोडण्यांवर थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. ३५ स्क्वेअर मिमीच्या वायरीची लग (टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबलेली हवी, हातोडीने नाही. क्रम असा: बॅटरीचा टर्मिनल, त्यावर थेट लग, मग साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. स्टीलचा वॉशर लगच्या खाली गेला की सगळा करंट त्या वॉशरमधून जातो आणि जोड तापतो. तपासायची रीत सोपी आहे. इन्व्हर्टरवर ६०० वॅटची किटली लावा, बॅटरीतून ५० अँपिअर जातील. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक टर्मिनलच्या धातूवर, दुसरं लगवर. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० दिसले तर त्या एका जोडात अडीच वॅट जळताहेत, बोल्ट उघडा आणि साफ करा.

फ्रिजच्या तक्रारीही बहुधा वायरच्याच असतात. बॅटरीपासून ६ मीटरवर फ्रिज, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. दीड स्क्वेअर मिमीच्या वायरीत सुरू होतानाच्या ८ अँपिअरला १.१ व्होल्ट पडतात. बॅटरी निम्मी भरलेली असली तरी फ्रिजला बॅटरी संपल्यासारखं वाटतं आणि तो बंद पडतो. ६ स्क्वेअर मिमीला हीच घट ०.२८ व्होल्ट. पॅनेलच्या बाजूला घरचा एसी एमसीबी वापरू नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. डीसी एमसीबी घेतला तरी त्यावरच्या अधिक-उणे खुणा पाहून लावा.

किती टक्के उरले हे व्होल्टेजवरून सांगू नका. या बॅटरीचा आलेख मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावा आणि सगळी निगेटिव्ह, सौर कंट्रोलरचीसुद्धा, शंटच्या लोडच्या बाजूला आणा. एखादी थेट बॅटरीवर राहिली की तिकडचा करंट मोजलाच जात नाही.

इंजिनकडून थेट वायर ओढू नका. ही बॅटरी मागेल तितका करंट अल्टरनेटर (इंजिनवरचा जनरेटर) देत राहतो आणि गाडी उभी असताना, आयडलिंगवर तो भाजून निघतो. शिवाय बीएस-६ गाड्यांमधला स्मार्ट अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो. डीसी-डीसी चार्जर उभा, उष्णता सोडणारे पंख वर-खाली राहतील असा, भोवती १० सेंमी मोकळी जागा ठेवून बसवला. तापला की तोही हात आखडता घेतो. रामटेकपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात ४०० वॅट-तास जमा होतात.

मृगाआधी उरलेलं काम: छतावरच्या केबल ग्लँडला नवं सीलंट, पॅनेलच्या वायरींचे एमसी४ जोड पत्र्यापासून उचलून बांधणं आणि सुट्या पॅनेलच्या सॉकेटला झाकण. पाऊस सुरू झाला की दमट हवेत कूलरचा उपयोग संपतो, त्याची ६० वॅट वाचते आणि १५ वॅटचे दोन पंखे त्याची जागा घेतात. मात्र झडीच्या दिवसांत पॅनेल उन्हाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात, म्हणून नवेगावबांधचा मुक्काम दोन रात्रींचा ठेवला आहे, मधल्या दिवशी तासभर गाडी चालवून.