राजकन्येचा मोची

“मग राजकन्येचे बूट शिवले की नाही त्यानं?” जेवताना बाबांनी विचारलं आणि माझा घास हातातच राहिला.

गोष्ट पोयाइसची. ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश पठ्ठ्यानं मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर चक्क कागदावर उभं केलेलं राज्य. राजा स्वतःच. नोटा, जमिनीचे कागद, ऑपेरा हाऊस असलेली राजधानी, सगळं छापील! १८२२ मध्ये त्या नावावर लंडनच्या बाजारातून दोन लाख पौंडांचं कर्ज काढायला निघाला. (धाडस म्हणावं की काय!)

एडिनबराच्या एका मोच्याला राजकन्येचा अधिकृत मोची नेमलं. घरच्यांना मागे ठेवून गडी जहाजात बसला. उतरला तर नुसतं जंगल, पाऊस, ताप. त्यानं तिथंच स्वतःला संपवलं. गेलेल्या सुमारे २५० जणांपैकी ५० सुद्धा परतले नाहीत.

मला खुपतंय ते वेगळंच. वाचलेल्यांतले काही जण म्हणत राहिले, राजा भला होता, दोष त्याच्या माणसांचा.

“सगळं विकून गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार?” बाबा.

आणि मॅकग्रेगर? पॅरिसला जाऊन पुन्हा पोयाइस विकायला बसला. तिथंही लोक जायला तयार झालेच की!