"घरी लागलं असं लिहा ना मॅडम"

मागच्या आठवड्यातली केस डोक्यातून जात नाहीये. भोसरीचा पेशंट, तिशीच्या आतला, सोबत सुपरवायझर. तक्रार काय, तर डोळ्यात कचरा गेलाय, परवापासून. तिथल्या डॉक्टरने ड्रॉप्स देऊन वर कापसाची घट्ट पट्टी बांधलेली. ती बघूनच माझं डोकं फिरलं, कारण डोळा फुटलेला असेल तर दाब म्हणजे आतलं बाहेर ढकलणं. वर फक्त कडक झाकण हवं, कडेच्या हाडावर टेकणारं, काही नसेल तर चहाच्या कागदी कपाचा बूड चालतो.

दुखत फारसं नव्हतं, तक्त्याच्या निम्म्या ओळी वाचल्या. पण स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, बाहुली थेंबासारखी एका बाजूला ओढलेली, टोकाशी कॉर्नियावर (पुढच्या पारदर्शक पडद्यावर) जेमतेम ३ मिलिमीटरची चीर आणि तिच्यात आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) अडकून भोक बुजलेलं. वेगाने घुसलेला बारीक कण असाच फसवतो.

"दादा, काय करत होतात?" विचारलं तर नजर सुपरवायझरकडे. त्याला केसपेपर काढायला पिटाळलं तेव्हा कुठे बोलला, छिन्नीवर हातोडा मारत होतो, गॉगल नव्हता. हे पहिल्याच दिवशी कुणी विचारलं असतं तर निदान एक्स-रे तरी निघाला असता.

सीटी केला, एमआरआय चुकूनही नाही, लोखंड चुंबकात हललं की आतलं सगळं फाडणार. तुकडा रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, लागूनच. त्यात हा मिसळ खाऊन आलेला, मग भूलवाले सहा तास थांबले, तोवर टिटॅनस, अँटिबायोटिक आणि उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, कारण अशा डोळ्यातलं बाहेर यायला एक जोरदार उलटी पुरे. रात्री आमच्या सर्जन सरांनी चीर केसाहून बारीक १०-० नायलॉनने शिवली, मग व्हिट्रेक्टॉमी करून (डोळ्यातली जेली काढून) मॅग्नेटने तुकडा काढला, शेवटी डोळ्यात दोन अँटिबायोटिक, व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम. लोखंड आत राहिलं असतं तर रेटिना हळूहळू गेलाच असता.

मग एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी जखमेची नोंद. सुपरवायझर म्हणे, घरी खिळा ठोकताना लागलं असं लिहा, पोलीस कशाला उगाच. त्याचं ठीक आहे, पण पेशंटही हात जोडून तेच म्हणाला. ठेकेदाराचा माणूस, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्डही नाही. मी खरं तेच लिहिलं. भरपाई मागायला हाच कागद लागेल म्हटलं, तर म्हणतो, तोपर्यंत खायचं काय?

परवा फॉलो-अपला नजर ६/२४ (चांगला डोळा २४ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून), इन्फेक्शन नाही, मोतीबिंदू होईल पण तो पुढे काढता येतो, सर खूश. कामावरून मात्र काढलाय. बायको विचारत होती कागद बदलून मिळतो का. नाही ताई, म्हटलं. मग निदान हलकं काम चालेल असं तरी लिहून द्या म्हणाली, आणि सरांनी धूळ, वजन सगळं बंद सांगितलेलं, त्यामुळे तेही देता आलं नाही.