बहुकोनी नाणी : अकरा-बाराचा घोळ सुटला

मागच्या वेळी 'अनिश्चित' डबीत टाकलेली दोन रुपयांची सातही नाणी (1992 ते 2004 मधली, तांबं-निकेलची) अखेर अकराकोनी ठरली. नाण्यांच्या यादीत अकरा कोन लिहिलेत, हे ठाऊकच होतं. पण जुन्या बाजारातला झिजलेला माल, त्यामुळे हाताने मोजलं की कधी अकरा, कधी बारा. कारण अगदी साधं निघालं: सुरुवातीचा कोपरा शेवटी पुन्हा मोजला जात होता. आता त्या कोपऱ्यावर मार्करचा ठिपका द्यायचा, नाणं टेबलावर पालथं ठेवायचं आणि कोपरे सोडून बाजू मोजायच्या. संख्या तीच येते, पण झिजलेल्या कडेची सपाट बाजू नखाला लागते, कोपरा निसटतो.

कोनमापकाचा नाद सोडा. एकादशकोनाचा आतला कोन 147.27 अंश, द्वादशकोनाचा 150. हा फरक गोलावलेल्या कोपऱ्यावर प्लास्टिकच्या कोनमापकाला कुठून दिसणार?

खरी गंमत विषम-समात आहे. बाजूंची संख्या विषम असेल तर बाजूसमोर कोपरा येतो, सम असेल तर बाजूसमोर बाजू. नाणं एका बाजूवर उभं टेकवा; माथ्यावर टोक आलं तर अकरा, सपाट आलं तर बारा. सातपैकी सहा इथेच सुटली.

सातव्यासाठी कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची रुंदी मोजायचं साधन. जबड्यांत नाणं फिरवून सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान माप घ्यायचं. वीस रुपयांच्या बाराकोनी नाण्यात (2020 चं, 27 मिमी) हिशेबाने फरक 0.9 मिमी येतो, 26 मिमीच्या अकराकोनीत जेमतेम 0.26. कोपरे झिजले की मोठं माप घटतं, म्हणून टोकाची चाचणी आधीच करावी. प्लास्टिकचं स्वस्त कॅलिपर 0.1 मिमीच दाखवतं, ते इथे बिनकामाचं. स्टीलचं घ्या.

कप्प्यांच्या चिठ्ठ्याही बदलल्या: वीस पैसे 'षट्कोन', दोन रुपये 'एकादशकोन', वीस रुपये 'द्वादशकोन'. शेवटच्या दोघांना कुणी एकादशी-द्वादशी म्हटलं तरी चालेल. दहा पैशांना पाकळ्या आहेत, बाजू नाहीत, ते बाहेर.

अल्बम सालवार लावायचा बेत होता, तो रद्द. आता बाजूंच्या संख्येने लावायचा. सप्तकोनासाठी 1969 पासूनचं ब्रिटिश 50 पेन्स हवं होतं, पण तिथे कॅलिपर गप्पच बसतो: बाजू फुगीर, कुठूनही धरा, माप तेच. मग ते बहुकोनीत धरायचं, की दहा पैशांच्या शेजारी? ठरेपर्यंत सातचा कप्पा रिकामा.